छतावरची वीज आणि टाकीतलं डिझेल

घरोघरी सौरपॅनल बसले की आखातातून तेल आणायची गरज कमी होईल, असं पुष्कळ जाणकार माणसंही बोलतात. हेतू रास्त आहे, हिशेब मात्र चुकतो. भारतात खनिज तेल जाळून वीज जवळजवळ बनतच नाही. आपली बहुतांश वीज कोळशाची. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही नावं आपल्याला त्यासाठीच ठाऊक आहेत. म्हणजे छतावरचं पॅनल वाचवतं तो कोळसा. त्याने हवा सुधारते आणि ते हवंच आहे. पण तेलाची आयात घटते ती, डिझेल, पेट्रोल किंवा गॅसवर चालणारं काहीतरी विजेवर चालू लागतं तेव्हाच.

म्हणून आधी तेल जातं कुठे ते पाहू. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं. २०२३-२४ मध्ये पेट्रोलियम पदार्थांचा खप सुमारे २३ कोटी टन होता. त्यात डिझेल जवळपास ९ कोटी टन आणि पेट्रोल पावणेचार कोटी टनांच्या आसपास. चर्चा पेट्रोलच्या भावाची होते, कारण ते आपण स्वतः पंपावर जाऊन भरतो. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, जेसीबी, मच्छीमारांच्या बोटी हे सगळं मात्र डिझेलवर.

‘इथेनॉलने प्रश्न सुटला’ हा समज इथेच ढासळतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट मुळात २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं. साखर कारखान्यांना आणि ऊसकऱ्यांना त्याचा आधार झाला, हे मान्य. पण पेट्रोल म्हणजे एकूण खपाचा जेमतेम सहावा हिस्सा. त्याचा पाचवा भाग म्हणजे तीनेक टक्के. शिवाय लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे खरी बचत त्याहूनही थोडी. आणि दुष्काळी मराठवाड्यात त्यासाठी ऊस वाढवायचा असेल, तर पाण्याचा हिशेबही मांडावाच लागेल.

डिझेलवर खरा उतारा रुळांवर आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते याची मला खंत वाटते. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला रेल्वेला ट्रकच्या कितीतरी कमी ऊर्जा लागते. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये रो-रो सेवा सुरू केली: भरलेले ट्रक कोलाडला सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. घाटातलं डिझेल वाचतं, टायर वाचतात, चालकाला विश्रांती मिळते. २०२२ मध्ये हा सगळा मार्ग विद्युतीकृत झाला, म्हणजे ट्रकच्या डिझेलबरोबर गाडी ओढणाऱ्या इंजिनाचंही डिझेल वाचायची सोय झाली. हे तंत्र आपल्याला नवखं नाही. देशातली पहिली विजेवरची गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. तरीही आज देशातला बहुतेक माल रस्त्यानेच जातो.

‘विजेची गाडीही शेवटी कोळशावरच चालते, मग फायदा काय?’ हा प्रश्न प्रदूषणाचा म्हणून योग्य आहे. तेलापुरतं बोलायचं तर फायदा सरळ आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली साधारण पाव ऊर्जाच चाकांपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. विजेची मोटर चार पंचमांशाहून अधिक ऊर्जा कामी लावते. कोळसाही बहुतांश देशातलाच. सूर्य आणि वाऱ्याचा वाटा वाढत जाईल तशी तीच गाडी, काहीही न बदलता, अधिक स्वच्छ होत जाते.

बॅटरीचे सेल आणि सौरघट यांसाठी आपण चीनवर फार अवलंबून आहोत, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पण दोन अवलंबित्वांत फरक आहे. तेल रोज जळतं, रोज विकत घ्यावं लागतं. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या भूमिगत साठ्यांची क्षमता ५३.३ लाख टन, म्हणजे देशाची सुमारे साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांचे साठे वेगळे असतात, पण तेही काही आठवड्यांचेच. याउलट एकदा बसवलेलं पॅनल पंचवीसेक वर्षं वीज देतं. आयात थांबली तरी ते बंद पडत नाही.

‘आपलंच तेल जास्त काढा’ म्हणणाऱ्यांनी मुंबई हायकडे पाहावं. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं, देशाला मोठा दिलासा मिळाला. पण देशातलं एकूण उत्पादन आज वर्षाला तीन कोटी टनांच्याही आत आहे आणि जुनी क्षेत्रं आटत चालली आहेत.

राहिली काटकसर. तिला किरकोळ समजणं हाही गैरसमजच. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला सुमारे ६० टक्के गॅस आयातीचा असतो. भिजवलेली डाळ, कुकर, झाकण ठेवून शिजवणं यांनी रोज थोडा वाचतो. दारात गुरं असतील तर गोबर गॅसने त्याहून पुष्कळ. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना १९७८ पासून गाडी चालवणाऱ्यांना सांगत आली आहे: वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर ठेवा, टायरमधली हवा तपासा, सिग्नलला इंजिन बंद करा. यासाठी ना अनुदान लागतं, ना नवी गाडी.