नाकावरचा दुपट्टा

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या मनात आले असेल की, कामगाराने नाकाला काय बांधावे हा कारखानदार आणि सरकारी निरीक्षक यांच्यामधला मामला. त्यासाठी वसंतातल्या संध्याकाळी आपल्याला इथे कशाला बसवले? पण भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न आपल्या घरापासून फार लांब नाही. शहरात पितळेच्या भट्ट्या आहेत, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, वरठीला पोलादाचा कारखाना आहे, आणि राईस मिल तर गावोगाव आहेत. इथे बसलेल्यांपैकी कोणी मालक असेल, कोणाचा भाऊ पाळीवर जात असेल. आणि ह्या सर्व ठिकाणी एक गोष्ट सारखीच दिसते: धूळ उडू लागली की माणूस खांद्यावरचा दुपट्टा नाकावर ओढून घेतो आणि आपण सुरक्षित झालो असे मानतो.

ह्या दुपट्ट्याचीच आधी परीक्षा करू. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात आणि शेंबडावाटे, थुंकीवाटे बाहेर पडतात. फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात ते पाच मायक्रॉनच्या आतले कण, आणि ते डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणजे दुपट्टा अडवतो ती धूळ शरीरानेही बहुतांशी अडवलीच असती. जी अडवायला हवी ती कापडाच्या विणीतून आणि गालाजवळच्या फटीतून सुखाने आत जाते. संध्याकाळी दुपट्टा काळा झालेला पाहून आपल्याला वाटते, एवढी घाण वाचली. आत किती गेली हे दुपट्टा सांगत नाही.

आत गेलेली धूळ काय करते? सगळीच धूळ सारखी नसते. खाणीतल्या धुळीत गारगोटीचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेचा अंश असला, तर फुप्फुसातल्या रक्षक पेशी तो कण गिळतात आणि स्वतःच मरतात. त्यांच्या जागी वण धरतो, वणाला वण जोडला जातो, आणि फुप्फुस ताठ होत जाते. हा सिलिकोसिस. काम सोडले तरी तो मागे फिरत नाही, आणि त्याच्या रोग्याला क्षय लवकर जडतो. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांत हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला. आपण ज्या पेन्सिलीने बाराखडी गिरवली तिच्या धुळीचा हा इतिहास शाळेत कोणी शिकवत नाही.

आपल्या मँगनीजच्या खडकांतही गारगोटी असते. तुमसरकडच्या पट्ट्यात सापडणाऱ्या एका खडकाला भूशास्त्रज्ञ फर्मर याने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले; मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी मिळून तो बनतो. तेव्हा तिथे ड्रिल चालवणाऱ्याला दुहेरी सावधगिरी हवी, कारण मँगनीजचा स्वतःचा धोका निराळाच आहे. १८३७ साली ग्लासगोमध्ये जॉन कूपर ह्या डॉक्टराने मँगनीज डायऑक्साइड दळणाऱ्या पाच मजुरांचे वर्णन लिहून ठेवले. त्यांच्या पायांतली शक्ती गेली होती, चालताना तोल पुढे जाई, आवाज बारीक झाला होता. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघणारे, बॅटरीच्या सेलसाठी जाणारे खनिज म्हणजे हेच मँगनीज डायऑक्साइड. श्वासावाटे गेलेले मँगनीज पुढे मेंदूत साचते. चेहऱ्यावरचे भाव नाहीसे होऊन तो मुखवट्यासारखा होतो, आणि चाल कोंबड्यासारखी, चवड्यांवर होते. लक्षणे पक्की झाल्यावर धुळीपासून दूर केले तरी ती बहुधा जात नाहीत.

आता शहरातल्या भट्टीकडे येऊ. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते, आणि पितळ वितळते तेही साधारण त्याच्याच आसपास. त्यामुळे मुशीत पितळाचा रस झाला की जस्ताची वाफ निघणारच. हवेत येताच तिचा पांढरा धूर होतो. ह्या धुराचे कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान. दिवसभर तो छातीत घेतलेल्या माणसाला संध्याकाळी तोंडात गोडसर धातूची चव येते, मग हुडहुडी भरते, ताप चढतो, आणि दुसऱ्या दिवशी सर्व ओसरते. इंग्लंडात ह्याला पितळ ओतणाऱ्यांचा हिवताप म्हणत. ह्या तापाची एक गंमत आहे. रोज धूर घेणाऱ्याला त्याची सवय होते, पण एक दिवस सुटी झाली की ती मोडते. म्हणून ताप सुटीच्या दुसऱ्या दिवशी जोरात येतो आणि आपण त्याचे खापर सुटीतल्या जेवणावर फोडतो. हा ताप स्वतः जीव घेत नाही. पण मोडीच्या पितळात शिसे असले तर त्याचाही धूर त्याच भट्टीतून येतो, आणि शिसे ताप न आणता मुकाट्याने साठत राहते.

इथे गुळाबद्दल बोलणे भाग आहे. धुळीत काम करणाऱ्याने घरी जाताना गुळाचा खडा खावा, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे की पुष्कळ कारखान्यांत गूळ वाटला जातो. लखनौला उंदरांवर केलेल्या प्रयोगांत गुळाने फुप्फुसातले कण हलण्यास काही मदत होते असे दिसले होते, हे खरे. परंतु गूळ उतरतो अन्ननलिकेतून आणि धूळ बसते श्वासनलिकेच्या टोकाला. वण धरलेले फुप्फुस गुळाने मोकळे झाल्याचे कोणी दाखवलेले नाही. गूळ जरूर खावा, पण गुळाच्या हिशेबात मास्कचा खर्च वळता करून घेऊ नये.

मग मास्क कोणता? भारतीय मानक ९४७३ प्रमाणे धुळीच्या मास्कचे तीन वर्ग आहेत. पहिला शंभरांपैकी सुमारे ऐंशी कण अडवतो, दुसरा चौऱ्याण्णव, तिसरा त्याहून अधिक. सिलिका आणि धातूचा धूर यांच्यासाठी दुसऱ्याच्या खाली येऊ नये असे माझे मत आहे. ह्या मास्कचे कापड दुपट्ट्यापेक्षा वेगळे असते ते दाट विणीमुळे नव्हे. त्याच्या बारीक तंतूंवर विजेचा भार दिलेला असतो, आणि लहान कण त्याकडे ओढले जाऊन चिकटतात. म्हणूनच तो साबणाने धुऊन वाळत घातला की दिसायला नवा आणि कामाला निकामी होतो. घरोघरी हे आवर्जून सांगावे, कारण आपल्या गृहिणी स्वच्छतेच्या बाबतीत कोणाचे ऐकत नाहीत!

उत्तम मास्कही गालाला चिकटून बसला नाही तर व्यर्थ. हवा सोप्या वाटेने जाते, आणि फट हीच सोपी वाट. मास्क लावल्यावर दोन्ही तळवे त्यावर धरून श्वास आत ओढावा. मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला तर ठीक, नाकाच्या कडेने वारा लागला तर पट्टी पुन्हा बसवावी. दाढीचे खुंट असले तरी गळती होते. एकाच मापाचे मास्क घाऊक आणून सर्वांना वाटणे म्हणजे एकाच मापाच्या चपला वाटण्यासारखे आहे. आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, भट्टीपुढे आठ तास हा मास्क ठेवून पाहा म्हणजे ‘आमचे लोक घालतच नाहीत’ ही तक्रार किती अर्धवट आहे ते कळेल. उच्छ्वासाची झडप असलेला मास्क द्यावा, मध्ये सावलीत तो काढायला वेळ द्यावा. मग आग्रह धरावा.

इथपर्यंत धुळीचे झाले. वायूची गोष्ट वेगळी, आणि ह्यात गल्लत झाली तर वर्षे लागत नाहीत, मिनिटे पुरतात. पोलादाच्या भट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. धुळीचा मास्क त्याला अडवत नाही, कोळशाची डबीही पकडत नाही. त्याच्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत एक मिश्रण तयार झाले, होपकॅलाइट. त्यात असते मँगनीज डायऑक्साइड आणि तांब्याचे ऑक्साइड. एक तुमसरची वस्तू, दुसरी भंडाऱ्याच्या भट्टीतल्या तांब्याची! पण हेही ओलसर हवेत निकामी होते, आणि हवेत मुळात प्राणवायूच कमी असेल तर कोणताच गाळणी-मास्क तो निर्माण करू शकत नाही. हवेत प्राणवायू शेकडा एकवीस असतो. साडेएकोणिसाच्या खाली गेला की बाहेरून हवा पुरवणारे साधनच लागते. उन्हाळ्यात जुन्या विहिरीत एक उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही राहतो, ह्या बातम्या आपण वाचतो. टाकी, गटार, बायोगॅसचा खड्डा, सगळ्यांची रीत तीच. कंदील सोडून पाहण्याची जुनी युक्ती विषारी वायू सांगत नाही, आणि पेट घेणारा वायू असला तर तीच घातक ठरते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने अशा जागी उतरणाऱ्यासाठी श्वसनसाधन सांगितले होतेच, पण त्याबरोबर कमरेचा पट्टा आणि दोर, आणि त्या दोराचे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात, असेही लिहिले होते. धुळीच्या कलमातला क्रमही पाहण्यासारखा होता: धूळ जिथे निघते तिथेच, होईल तितक्या जवळून, ती ओढून घ्यावी आणि जागा बंदिस्त करावी. म्हणजे ड्रिलला पाणी, क्रशरला आवरण, भट्टीवर धुराडे, पॉलिशच्या चाकामागे ओढता पंखा. एवढे करून जे उरेल त्यासाठी मास्क. आमच्याकडे हा क्रम उलटा लागतो, कारण मास्क स्वस्त आणि पंखा महाग. मुशीतल्या रसावर कोळशाची भुकटी पसरून जस्ताची वाफ दाबून ठेवणे मात्र स्वस्तही आहे आणि जुनेही. जाणत्या कारागिरांना ते सांगावे लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा आणि १९५२ चा खाण कायदा यांच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची २०२० ची संहिता आली आहे. त्यात ठरावीक कामगारांची वर्षाकाठी आरोग्यतपासणी मालकाच्या खर्चाने करण्याचे बंधन आहे. पण कारखाना कशाला म्हणावे, तर वीज वापरणाऱ्या जागी वीस माणसे आणि विजेशिवाय चाळीस. पूर्वी हे आकडे दहा आणि वीस होते. आपल्या शहरात चार-सहा माणसे मिळून, पुष्कळदा घराच्याच पडवीत भट्टी चालवतात, तिथे हे कलम सहसा पोहोचणार नाही. तिथला मालक आणि मजूर एकाच धुरात उभे असतात, शेजारच्या खोलीत मुले झोपलेली असतात. भट्टीवर पत्र्याचे टोपडे आणि छपराच्या वर जाणारा नळ गल्लीतला लोहार करून देईल. मुशीजवळ उभे राहणाऱ्याला दुसऱ्या वर्गाचे मास्क लागतील. आणि कामाला लागतानाच छातीचा एक एक्स-रे काढून तो घरच्या कागदपत्रांत ठेवावा लागेल, म्हणजे दहा वर्षांनी डॉक्टरांना तो नव्या चित्राशेजारी धरून पाहता येईल.