जुना ट्रॅक्टर मोबाईलवर घेताय? आधी चेसी नंबर बघा, मग पैसे

पेरणी तोंडावर आली की मोबाईलवर जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिराती दिसू लागतात. बाजारात 4 लाखांचा ट्रॅक्टर कुणी अडीच लाखात देतो म्हणतो. "मी फौजी आहे, बदली झाली, घाईत विकतोय," असं सांगून ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. तो फोटो कुणाचाही असू शकतो. मग आधी टोकन, नंतर गाडीभाडं, नंतर आणखी काहीतरी. ट्रॅक्टर काही येत नाही.

ट्रॅक्टर उभा आहे तिथं जाऊनच बघावा, सोबत ओळखीचा मिस्त्री न्यावा. आरसी बुकावरचा चेसी आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी जुळवावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात येईपर्यंत पैसे देऊ नयेत. हप्ते थकलेले असले तर फायनान्सवाले ट्रॅक्टर दारातून ओढून नेतात.

विकणाराही फसतो. "पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका," असा फोन येतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट आला तरी खात्यात बघूनच चावी द्यावी. फॉर्म 29 आणि 30 आरटीओत जाऊन नाव बदललं का, तेही बघावं. नाव तसंच राहिलं आणि अपघात झाला तर भरपाईची नोटीस जुन्या मालकाला येते.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये, चॅटही डिलीट करू नये. लगेच 1930 वर फोन करावा. भामट्याने रक्कम काढायच्या आत कळवलं तर ती खात्यात गोठवता येते.