कॅमेऱ्याविना घडलेले छायाचित्र-पुस्तक

छायाचित्रांचे जगातले पहिले पुस्तक म्हणून बहुतेकदा विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’चे नाव घेतले जाते. त्याचा पहिला भाग १८४४ साली निघाला. पण त्याआधीच, ऑक्टोबर १८४३ मध्ये, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातील ॲना ॲटकिन्स यांनी ब्रिटिश समुद्रशैवालांच्या छायाचित्रांच्या पुस्तकाचा पहिला भाग तयार केला होता. पहिलेपणाचा मान त्यांचाच आहे, असे माझे ठाम मत आहे. घरच्या घरी एवढे काम उभे राहू शकले, ते सायनोटाइपमुळे.

खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही प्रक्रिया शोधली. टॅल्बट यांची पद्धत चांदीच्या क्षारांवर चाले, तर हर्शेल यांनी लोहाचे क्षार वापरले. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे मिश्रण कागदाला अंधाऱ्या जागी लावून तो वाळवायचा, वर वस्तू ठेवून काचेने दाबायची आणि कागद उन्हात ठेवायचा. अतिनील किरणांमुळे फेरिक लोहाचे फेरस लोह होते, आणि त्याची फेरिसायनाइडशी क्रिया होऊन प्रशियन ब्लू हे न विरघळणारे निळे रंगद्रव्य तयार होते. वस्तूच्या सावलीतले क्षार मात्र साध्या पाण्याने धुऊन जातात आणि तिथे पांढरा कागद उरतो. चांदीच्या छापांना पक्के करायला वेगळे रसायन लागे, धुण्यात कसूर राहिली तर ते फिके पडत. ‘पेन्सिल ऑफ नेचर’च्या अनेक प्रतींची तशीच गत झाली. ॲटकिन्स यांनी १८५३ पर्यंत जवळपास चारशे चित्रे पूर्ण केली. प्रत्येक प्रतीतले प्रत्येक पान पुन्हा उन्हात ठेवून काढावे लागे, म्हणजे एकूण छाप हजारोंच्या घरात जातात.

यात कॅमेरा नाही, मग याला छायाचित्र कसे म्हणायचे, अशी शंका येते. पण कॅमेरा प्रकाशाला फक्त दिशा देतो. चित्र उमटते ते प्रकाशाने रसायनात केलेल्या बदलातून, आणि तो बदल इथे पुरेपूर आहे. स्वतः टॅल्बट यांनीही पाने आणि लेस कागदावर ठेवून असेच छाप काढले होते. दुसरा आक्षेप प्रकाशनाचा: हे पुस्तक दुकानात विकले गेले नाही, मित्रांना आणि संस्थांना भेट म्हणून गेले. खरे आहे, पण शीर्षक, प्रस्तावना आणि क्रमाने निघालेले भाग असलेली, अनेक प्रतींत पोहोचलेली ही कृती पुस्तक नाही, असे केवळ विक्री झाली नाही म्हणून म्हणणे मला पटत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप रंगाचा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हार्वी यांनी शैवालांचे मोठे गट रंगावरूनच पाडले होते, आणि सायनोटाइप तर लाल, तपकिरी, हिरवे, सगळ्यांनाच निळ्यावर पांढरे करून टाकते. हा तोटा मान्यच करावा लागेल. मात्र हार्वी यांच्या १८४१ च्या शैवाल-पुस्तिकेत वर्णने होती, चित्रे नव्हती, आणि ॲटकिन्स यांनी नावांसाठी तिचाच आधार घेतला होता. इतक्या बारीक शैवालांची अचूक रेखाटने करणे अवघड, म्हणून ही प्रक्रिया निवडली, असे त्यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. त्यांच्यासारख्या कसलेल्या चित्रकर्तीने हे म्हणावे, याला मी फार महत्त्व देतो. वडिलांनी भाषांतरित केलेल्या लामार्क यांच्या शंखशिंपल्यांवरील ग्रंथासाठी त्यांनीच चित्रे काढली होती. शैवाल पातळ असल्याने प्रकाश त्यातून कमीअधिक झिरपतो, त्यामुळे फांद्यांची विभागणी आणि पापुद्र्याची जाडीही छापात उतरते. रंग हार्वी यांच्या शब्दांत वाचायचा आणि आकार ॲटकिन्स यांच्या पानावर पाहायचा, अशी सोय अभ्यासकाला झाली.