वीस टनांत एक ग्रॅम
निर्यातीच्या वाटेवर : भाग ४

२०१०च्या हंगामात महाराष्ट्रातून युरोपला गेलेल्या द्राक्षांचे कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकून पडले. मणी टपोरे होते, गोडीही उत्तम होती. प्रयोगशाळेने मात्र त्यात क्लोरमेक्वाट क्लोराईड शोधून काढले. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ किंवा ‘लिहोसिन’ म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीचा माज रोखायला, पेरी आखूड ठेवायला आणि काडीत घड तयार व्हायला हे संजीवक फवारले जायचे. फळ हाती येते फेब्रुवारी-मार्चमध्ये. इतक्या महिन्यांपूर्वीची फवारणी कोण लक्षात ठेवणार? वेलीने मात्र ती धरून ठेवली होती आणि तिचा अंश मण्यांत उतरला होता.

युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम! माल नाकारला गेला, भाव कोसळले. पुढे मोहाडीला ‘सह्याद्री फार्म्स’ उभी करणाऱ्या विलास शिंदे यांच्यासह अनेक निर्यातदारांचे त्या हंगामाने कंबरडे मोडले.

यातली खरी मेख वेगळीच आहे. माल कोणत्या बागेतला, याचा माग काढायची यंत्रणा तेव्हा नव्हती, असे अजिबात नाही. २००३मध्ये नेदरलँड्सने कीडनाशकांच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे नाकारली, त्यातून ‘अपेडा’ या केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाने अंशतपासणीची योजना आखली आणि २००६मध्ये ‘ग्रेपनेट’ ही माग काढायची व्यवस्था सुरू केली. शेतकऱ्याने बाग कृषी विभागाकडे नोंदवायची, प्रत्येक प्लॉटला ‘एमएच’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. काढणीआधी नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येतो. शेतकऱ्याने निवडून दिलेले घड चालत नाहीत. नमुना नापास झाला की मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली संदर्भ प्रयोगशाळा इशारा काढते आणि तो प्लॉट निर्यातीला बंद होतो. पास झालेल्या बागेचा क्रमांक पॅकहाऊसमधून पॅलेटच्या लेबलापर्यंत जातो. रॉटरडॅममधल्या पॅलेटवरून दिंडोरीतली बाग शोधता येते ती यामुळे.

एवढी चोख व्यवस्था असूनही २०१०मध्ये घात झाला, कारण इथे तपासायच्या रसायनांच्या यादीत क्लोरमेक्वाट नव्हतेच. जे शोधायचेच नव्हते ते सापडणार कसे? ते यादीत आले ते नुकसान झाल्यावर.

म्हणून ‘आमचा माल ट्रेसेबल आहे’, म्हणजे त्याचा माग काढता येतो, हे निर्यातदाराचे पालुपद ऐकले की एक प्रश्न विचारावासा वाटतो : कोणत्या देशाच्या यादीप्रमाणे तपासलेला? तिळाचेच बघा. जंतू मारायला इथिलीन ऑक्साईडची धुरी देतात. अमेरिकेत तिळावर त्याचा किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत अंश चालतो. युरोपात मर्यादा ०.०५, म्हणजे १४० पटीने कडक. २०२०च्या सप्टेंबरमध्ये बेल्जियमने भारतीय तिळाबद्दल पहिला इशारा दिला आणि मग युरोपभर तीळ लावलेले पाव, बिस्किटे दुकानांच्या फळ्यांवरून उतरवावी लागली. द्राक्षाला निदान प्लॉटचा क्रमांक तरी होता. तिळाची पोती मार्केट यार्डात एकाच ढिगात ओतली जातात. कोणते पोते कोणाच्या शेतातले, हे आडत्यालाही सांगता येत नाही.

युरोपच्या कायद्यात २००५पासून साधी अट आहे : माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, हे प्रत्येकाने दाखवले पाहिजे. अमेरिका त्याहून पुढे गेली. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या माग ठेवण्याच्या नव्या नियमाच्या यादीत आंबा आहे, आणि मागितल्यावर २४ तासांत नोंदी हजर करायच्या आहेत. अंमलबजावणीची तारीख २०२६वरून जुलै २०२८वर गेली आहे. ही सवलत आपल्या निर्यातदारांनी सुट्टी समजू नये.

कारण इथे सगळ्यांत कच्चा दुवा संगणक नाही, फवारणीची वही आहे. कोणते औषध, किती, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस राहिले असताना, एवढेच तिच्यात हवे. प्रत्यक्षात कित्येक वह्या नमुना घ्यायच्या आदल्या रात्री एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरल्या जातात. तपासणीला आलेल्या परदेशी खरेदीदाराला हे ओळखायला मराठी यावी लागत नाही. चिखलाचा एकही डाग नसलेली कोरी करकरीत पाने पुरेशी असतात.

नव्या देशात माल पाठवायचा विचार असेल, तर त्या देशाची मर्यादांची यादी खरेदीदाराकडून खरड छाटणीच्या आधीच मागून घ्या आणि ती कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दाखवूनच औषध घ्या. पुढच्या आठवड्यात : पॅकहाऊसच्या आत.