मुद्देमाल : सात किलो युरेनियम

मे २०२१मध्ये महाराष्ट्र एटीएसने ७ किलो १०० ग्रॅम नैसर्गिक युरेनियम जप्त केल्याचं आणि दोघांना अटक केल्याचं जाहीर केलं. किंमत सांगितली २१ कोटी ३० लाख रुपये. पुढे तपास एनआयएकडे गेला. असा माल जप्त झाल्यावर तो नेतात कुठे आणि कसा, याबद्दल पार्ल्यासारख्या सुशिक्षित उपनगरातही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : हा माल कलिन्याच्या लॅबमध्ये, म्हणजे पार्लेकरांच्या शेजारीच येतो.

राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा कलिन्यात आहे हे खरं. रक्त, विष, अंमली पदार्थ तिथे तपासले जातात. या युरेनियमची तपासणी मात्र तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाली, आणि केंद्राचा अहवाल आल्यावर त्या वेळी लागू असलेल्या १९६२च्या अणुऊर्जा कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. हा क्रम महत्त्वाचा आहे. जून २०२१मध्ये झारखंडात बोकारोला साडेसहा किलोच्या आसपास ‘युरेनियम’ पकडल्याची बातमी देशभर झाली. तपासणीत ते युरेनियम नव्हतं, किरणोत्सारीही नव्हतं. ऑगस्ट २०२४मध्ये बिहारच्या गोपाळगंजला ५० ग्रॅम कॅलिफोर्नियम सापडल्याचा दावा झाला. कॅलिफोर्नियम-२५२चा एक ग्रॅम सेकंदाला दोन लाख कोटींहून अधिक न्यूट्रॉन फेकतो. ते खरंच ५० ग्रॅम असतं, तर खिशात घेऊन फिरणारा माणूस जगला नसता.

गैरसमज : माल ज्या गाडीतून जातो ती गाडी, तो रस्ता, आसपासची माणसं किरणोत्सारी होतात.

किरण अंगावर पडणं आणि किरणोत्सारी धूळ अंगाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्स-रे काढून आलेला माणूस घरच्यांना बाधा देत नाही. पण धूळ लागली तर ती कपड्यांवरून, हातांवरून पुढे जाते. म्हणून माल बंदिस्त ठेवणं ही वाहतुकीतली पहिली गरज. युरेनियम-२३८चं अर्धआयुष्य जवळपास ४४७ कोटी वर्षांचं आहे. ते इतकं सावकाश विघटन पावतं, की त्याचा किरणोत्सार तुलनेने मंद असतो. त्यातून निघणारे अल्फा कण कागदाने अडतात. खरा धोका त्याची भुकटी श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात जाण्याचा, आणि तेव्हा इजा होते मूत्रपिंडांना. त्या सात किलोंचा बॉम्बही होत नाही, कारण नैसर्गिक युरेनियमात युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं.

किरणोत्सारी माल आपल्या भागातून एरवीही जातो. वाशीच्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेतून रुग्णालयांसाठी निघणारी समस्थानिकं मुंबई विमानतळावरून देशभर जातात. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम खोक्याच्या प्रकारापासून चालकाजवळच्या आपत्कालीन सूचनापत्रापर्यंत सगळं ठरवून देतात. तीव्र स्रोतांसाठीचं ‘बी’ प्रकारचं वेष्टन नऊ मीटरवरून आपटून आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास ठेवूनही टिकावं लागतं.

गैरसमज : शिशाच्या डब्यात घातलं की झालं.

आत काय आहे हे ठाऊक नसताना डबा कसा निवडणार? आधी मोजणं, मग हात लावणं. ब्राझीलच्या गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातलं सीझियम-१३७ भंगारात पोहोचलं. त्याची निळी चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली. घरातली माणसं आजारी पडू लागली तेव्हा भंगारवाल्याच्या पत्नीला पहिल्यांदा संशय आला. तिने उरलेला स्रोत पिशवीत घालून शहराच्या बसने आरोग्य कार्यालयात नेला. तो काही काळ डॉक्टरांच्या टेबलावर राहिला, नंतर अंगणातल्या खुर्चीवर. दुसऱ्या दिवशी एक भौतिकशास्त्रज्ञ उसना मापक घेऊन निघाला. काटा टोकाला गेलेला पाहून त्याला यंत्रच बिघडलंय असं वाटलं, म्हणून त्याने दुसरं आणलं. चार जण दगावले, २४९ जणांना धूळ लागलेली आढळली. त्या बाईंनी अनेकांचे प्राण वाचवले, असंच मी म्हणेन. त्यांच्या हाती मापक नव्हता, एवढंच. आपल्याकडे दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१०मध्ये विद्यापीठाने लिलावात काढलेलं कोबाल्ट-६०चं यंत्र भंगारात फुटलं आणि एका कामगाराचा जीव गेला.

गैरसमज : हा कोट्यवधींचा माल असतो.

या गैरसमजाची मला सर्वांत जास्त चीड येते, कारण तो जीवघेणा आहे. २०२१च्या त्या दिवसांत युरेनियम ऑक्साइडचा जागतिक भाव पौंडाला साधारण ३० डॉलर होता. सात किलो म्हणजे साडेपंधरा पौंड; रुपयांत ३५ हजारांच्या घरात. शुद्ध धातूला काही पट जास्त धरले तरी २१ कोटी कुठून येणार? शिवाय उघडपणे विकत घेणारा कोणी नाही. डिसेंबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी पकडलेलं जवळपास नऊ किलो युरेनियम तर क्षीण प्रकारचं, म्हणजे युरेनियम-२३५ आणखी कमी असलेलं, निघालं. तसं युरेनियम औद्योगिक रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यांत किरण अडवायला वापरतात. कोटींचे आकडे छापून येतात आणि कुर्ला-मानखुर्दच्या भंगारात राबणारा माणूस असा जड तुकडा उशाखाली जपून ठेवतो.

गैरसमज : माल न्यायाधीशांसमोर ठेवल्याशिवाय खटला उभा राहत नाही.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७नुसार न्यायालय मुद्देमालाचं वर्णन तयार करतं, छायाचित्रं आणि चित्रीकरण करून घेतं, तेच पुरावा म्हणून वापरता येतं आणि मालाची विल्हेवाट लावता येते. कलम १०५नुसार झडती आणि जप्तीचंही चित्रीकरण लागतं. मात्र पंचांसमोरचं सील, मुद्देमाल पावती, कोणी कोणाकडे कधी सोपवलं याची नोंद, यातला एक दुवा तुटला की बचाव पक्षाला हवं ते मिळतं. वेष्टनावरचे बोटांचे ठसेही जपायचे असतात. घाईने धुऊन काढलेलं वेष्टन तपासाला निरुपयोगी.

आणि काही द्रव्यं खटल्याची वाट पाहत नाहीत. रेडिओग्राफीतल्या इरिडियम-१९२चं अर्धआयुष्य ७४ दिवस. जप्तीनंतर दोन वर्षांनी त्याचा जेमतेम हजारावा हिस्सा उरतो. म्हणून जप्तीच्या दिवशीचं मोजमाप, त्याची तारीख-वेळ, मापकाचा क्रमांक आणि मोजणाऱ्याची सही पंचनाम्यातच हवी.