दुय्यम भूमिकांचा धनी : जेम्स हाँग

शाळेच्या संमेलनात नाटक बसवायचे म्हटले की गुरुजींपुढे एक पेच ठरलेला. राजा एक आणि पोरे चाळीस! मग कुणाला भालदार करायचे, कुणाला चोपदार. त्यांनी ‘जी महाराज’ म्हणावे आणि बाजूला उभे राहावे. आता समजा, एखाद्याच्या वाट्याला जन्मभर भालदारकीच आली, तर त्याने काय करावे? याचे उत्तर शोधायला आज आपण थोडे लांब, अमेरिकेला जाऊ या.

नायकाच्या आसपास वावरून कथेत जिवंतपणा आणणाऱ्या कसलेल्या नटाला आपण चरित्रनट म्हणतो. जेम्स हाँग हे असेच एक चरित्रनट. २२ फेब्रुवारी १९२९ रोजी मिनियापोलिस शहरात एका चिनी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते शिकले स्थापत्यशास्त्र. लॉस एंजेलिस परगण्यात रस्तेबांधणीच्या खात्यात अभियंता म्हणून नोकरीही केली. म्हणजे भाकरीची सोय झालेली होती. पण ओढ नाटक-सिनेमाची! १९५५ सालच्या ‘सोल्जर ऑफ फॉर्च्यून’ या बोलपटात, क्लार्क गेबलसारख्या नामांकित नायकाबरोबर, त्यांना छोटे काम मिळाले.

पण तेव्हा चिनी चेहऱ्याच्या नटाला काम कसले मिळे? वाढपी, धोबी, नोकर, नाहीतर शत्रूचा हेर. तुम्ही म्हणाल, चिनी माणसाची गोष्ट असेल तेव्हा तरी नायक चिनी असेल की नाही? तर तसेही नाही. १९३७ सालचा ‘द गुड अर्थ’ हा बोलपट चिनी शेतकऱ्याच्या संसाराचा. पण तो शेतकरी आणि त्याची बायको झाले होते गोरे नट. पुढे १९५७ मध्ये चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराची दूरचित्रवाणी-मालिका निघाली. हाँग तीत मुलगा झाले. आणि बाप? तो होता आयरिश वंशाचा नट, जे. कॅरोल नॅश!

मिळेल ते काम हाँग करीत राहिले, पण ‘आपली लायकी एवढीच’ असे त्यांनी मानले नाही. १९६५ साली माको वगैरे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लॉस एंजेलिसला ‘ईस्ट वेस्ट प्लेअर्स’ ही नाट्यसंस्था उभी केली. बाहेर ज्यांना फक्त ट्रे उचलायला मिळे, त्या आशियाई वंशाच्या नटांना इथे मोठ्या भूमिका मिळू लागल्या.

दुय्यम भूमिकाही त्यांनी कधी उरकून टाकली नाही. १९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’मध्ये ते गोठवणाऱ्या थंड खोलीत कृत्रिम डोळे बनवणारे कारागीर आहेत. काम काही मिनिटांचेच. पण तो कारागीर लक्षात राहतो. २००८ च्या ‘कुंग फू पांडा’ या व्यंगपटात शेवयांचे दुकान चालवणाऱ्या हंसाला त्यांनी आवाज दिला. पोटच्या पोरासारखा पांडा वाढवणारा हा बाप जगभरच्या मुलांना आवडला. सिनेमा, मालिका, आवाज मिळून त्यांच्या भूमिका ६०० च्या वर गेल्या.

आणि मान? हॉलिवूडच्या प्रसिद्ध पदपथावर त्यांच्या नावाचा तारा बसला तो मे २०२२ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, आणि तोही चाहत्यांनी वर्गणी काढल्यावर. २०२३ मध्ये ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’च्या नटसंचाला नटसंघाचे पारितोषिक मिळाले. तेव्हा या म्हाताऱ्याने व्यासपीठावरून ते जुने दिवस, डोळ्यांना पट्ट्या चिकटवून आशियाई बनणारे गोरे नट, सगळे हसत हसत ऐकवले.

तेव्हा गुरुजी, यंदा भालदाराची तालीमही राजाइतकीच मन लावून घ्या. पण त्याचबरोबर गेल्या तीन-चार वर्षांची पात्रांची यादीही एकदा काढून बघा. दरवर्षी त्याच पोराच्या हाती भाला येत असेल, तर एकदा मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवून पाहायला काय हरकत आहे?