अरोवानाचा डोळा खाली का झुकतो?

मंडळी, पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे तळे, कृष्णाळे तळे ही नावे तिथल्या पोरासोरांनाही पाठ आहेत. आज मात्र आपण बोलणार आहोत ते काचेच्या टाकीतल्या माशाविषयी. पनवेलसारख्या वाढत्या शहरांत हौशी लोक घरात अरोवाना मासा पाळतात. त्याने घरात पैसा येतो म्हणे. येतो की जातो, हे ज्याने मासा विकत घेतला त्यालाच विचारा!

पुष्कळदा असे होते की, मासा मोठा होऊ लागला की त्याचा एक डोळा, कधी दोन्ही, खाली झुकतात. जमिनीवर पडलेली सुई शोधत असावा, तसा तो दिसतो. मालक घाबरतो. कुणी शस्त्रक्रिया सुचवतो. पण घाई कशाला? मुळात कारणच अजून पक्के ठरलेले नाही.

आपल्याकडे बहुधा मिळतो तो चंदेरी अरोवाना. हा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तोंड वर वळलेले, हनुवटीला दोन मिशा. पाण्याच्या वरच्या थरात फिरायचे, पडलेला किडा टिपायचा, प्रसंगी पाण्याबाहेर उडी मारून फांदीवरचाही पकडायचा, हा त्याचा धंदा. म्हणजे नजर सदा वर. टाकीत सारे उलटे. खाणे बुडते, दुसरे मासे तळाशी फिरतात, माणसेही खालीच बसलेली. सतत खाली पाहून डोळा तसाच राहतो, हा पहिला तर्क. दुसरा असा की, चरबट खाणे फार आणि पोहायला जागा थोडी, म्हणून डोळ्यामागे चरबी साठते व ती डोळा ढकलते. दचकून काचेवर आपटल्याने इजा होते असेही म्हणतात, आणि काही जण आनुवंशिक दोष मानतात.

तळ्यात वाढवलेल्या अरोवानात हा दोष फारसा दिसत नाही, असे पाळणारे सांगतात. यावरून काय ठरते? शिक्षकबंधूंनी हा प्रश्न वर्गात जरूर टाकावा. तळ्यात पाणी गढूळ, खाली पाहण्यासारखे काही नाही. पण तिथे खाणेही निराळे, पोहणेही भरपूर, आणि आपटायला काच नाही. चार गोष्टी एकदम बदलल्या, मग श्रेय कोणाला द्यायचे? शिवाय एकाच टाकीतल्या दोन माशांपैकी एकाचाच डोळा झुकतो, किंवा एकाच माशाचा एकच. खाली पाहण्याच्या तर्काने हे नीट सुटत नाही.

तोवर बिनखर्चाचे उपाय करावेत. तरंगणारे खाणे द्या. नाकतोडे चालतील, पण फवारणी केलेल्या शेतातले नकोत. चरबीचे मांस कमी करा. टेबल टेनिसचा चेंडू पाण्यावर सोडा, मासा वर पाहतो. टाकीच्या तळाला बाहेरून काळा कागद लावा. टाकी जमेल तितकी मोठी घ्या, आणि झाकण घट्ट बसवा.

झुकलेला डोळा सहसा पूर्ववत होत नाही. मासा मात्र खातो-पितो, जगतो. डोळा बाहेर फुगला किंवा त्यावर पांढुरकी साय धरली, तर ते दुखणे वेगळे. बहुधा पाणी बिघडलेले असते. त्या वेळी थोडे थोडे पाणी बदलायला लागा आणि जाणकाराला लगेच दाखवा.